‘टेक ऑन मी’ व्हिडिओने तारलं, हे अर्धंच खरं

नॉर्वेच्या ‘ए-हा’ या बँडचं ‘टेक ऑन मी’ कुठे वाजलं, की पाठोपाठ एक ठरलेला मजकूर फिरू लागतो. आमच्या शाळेच्या ग्रुपवर तो परवा पुन्हा आला. त्याचा सारांश असा: हे गाणं दोनदा आपटलं होतं. पेन्सिलच्या रेघांचा तो व्हिडिओ आला म्हणून चाललं. त्यात सिंथेसायझरची टुणटुण आणि ड्रम मशीन यांपलीकडे काही नाही, इंग्रजीही कच्चं. बँड एका गाण्याचा. आणि आज ते टिकलंय ते पन्नाशी ओलांडलेल्यांच्या आठवणींवर.

मजकूर पाठवणारा मित्र जुना आहे, त्यामुळे भांडायला मजा येते. पहिला मुद्दा सगळ्यांत वजनदार, आणि त्यात तथ्यही आहे.

1984 मध्ये टोनी मॅन्सफील्ड या निर्मात्याने केलेलं ध्वनिमुद्रण ब्रिटनमध्ये विक्रीच्या यादीत 137 व्या क्रमांकाच्या वर सरकलं नाही. मग ॲलन टार्नीने ते नव्याने करून घेतलं. तेही पहिल्या खेपेला ब्रिटनमध्ये कुणी फारसं विचारलं नाही. त्यानंतर वॉर्नर कंपनीच्या अमेरिकी शाखेने व्हिडिओसाठी हात सैल सोडला. दिग्दर्शक स्टीव्ह बॅरन. चित्रीकरणातल्या एकेका चौकटीवरून पेन्सिलने रेघा ओढायचं काम मायकेल पॅटरसन आणि कँडेस रेकिंगर यांनी केलं. सुमारे 3,000 चित्रं, 16 आठवडे. कॉफीच्या टेबलावर चित्रकथा वाचणारी मुलगी, पानातून बाहेर येणारा हात, हे सगळं त्यातलंच. ऑक्टोबर 1985 मध्ये गाणं अमेरिकेत पहिलं आलं. ब्रिटनमध्ये दुसरं; पहिल्या जागेवर तेव्हा जेनिफर रश ठाण मांडून बसली होती. 1986 च्या एमटीव्ही सोहळ्यात या व्हिडिओने सहा पुरस्कार नेले. तेव्हा व्हिडिओमुळे गाणं लोकांच्या कानावर पडलं, हे मला शंभर टक्के मान्य.

पण ‘तेच गाणं दोनदा आपटलं’ हे मान्य नाही. मॅन्सफील्डचं आणि टार्नीचं ही दोन वेगळी ध्वनिमुद्रणं आहेत. 1984 चं ऐकलं तर चाल ओळखू येते, पण सगळे जण हात आखडून वाजवताहेत असं वाटत राहतं. टार्नीच्या मुद्रणात सुरुवातीच्या ठोक्यालाच मान डोलायला लागते. आणि हो, पहिल्या ध्वनिमुद्रणालाही व्हिडिओ होताच. निळ्या पडद्यासमोर बँड गातोय, असा. तो बघून कुणी दुकानात धावलं नाही.

आता उलट बाजूने तपासू. व्हिडिओच सगळं करत असेल, तर तशाच व्हिडिओने दुसरं गाणंही तेवढंच चालायला हवं. नशिबाने तसा प्रयोग होऊन गेला आहे. ‘द सन ऑलवेज शाइन्स ऑन टीव्ही’ या पुढच्या गाण्याचा व्हिडिओ बॅरननेच केला. त्याची सुरुवात म्हणजे आधीच्या गोष्टीचा पुढचा भाग: नायक पुन्हा रेघांचा होऊ लागतो आणि मुलीला सोडून पळतो. दिग्दर्शक तोच, प्रेमकथा तीच, बँडही तोच आणि लोकप्रियतेच्या शिखरावर असलेला. ब्रिटनमध्ये ते पहिलं आलं, पण अमेरिकेत, म्हणजे जिथे व्हिडिओची जादू सगळ्यांत जास्त चालली म्हणतात तिथे, विसाव्या क्रमांकावर थांबलं. पुढे ‘ट्रेन ऑफ थॉट’. त्याचा व्हिडिओ पॅटरसन-रेकिंगर जोडीचाच, त्यातही पेन्सिलच्या रेघा. गाणं ब्रिटनमध्ये आठव्या क्रमांकापर्यंत गेलं, वाईट नाहीच. पण आज लग्नाच्या हॉलमध्ये डीजेने ते लावलं तर किती जण ओळखतील? मी तरी अजून एकही बघितला नाही.

शिवाय ‘व्हिडिओमुळेच चाललं’ असं भारतातल्या लोकांनी म्हणावं याची मला गंमत वाटते. 1985 मध्ये आपल्याकडे एमटीव्ही कुठे होता? तो आला 1991 नंतर, स्टार टीव्हीच्या डिशबरोबर. तोवर घरात दूरदर्शन. मी हे गाणं ऐकलं ते मोठ्या भावाने कुणाच्या तरी आखातातल्या काकांकडून आलेली कॅसेट दुकानातून भरून घेतली तेव्हा. कव्हरवर निळ्या बॉलपेनने नुसतं ‘इंग्लिश मिक्स’ लिहिलेलं. गायक काळा की गोरा, एक आहे की तिघे, काही ठाऊक नव्हतं. नॉर्वेचा असेल असं तर स्वप्नातही आलं नाही. आमच्या ‘टेक ऑन मी’मध्ये पेन्सिल होती ती एकच, सैल पडलेली टेप गुंडाळायची. तरी त्या कॅसेटमध्ये नेमकं तेवढंच गाणं झिजून पातळ झालं. व्हिडिओ मी पाहिला तो सात-आठ वर्षांनी. आवडला. पण तोवर गाणं पाठ झालेलं होतं, चुकीच्या शब्दांसकट.

पुढचा मुद्दा यंत्रांचा, की हे काय, बटणं दाबली की झालं. यावर मला जरा जास्त बोलायचंय, कारण इथे मजकूर लिहिणाऱ्याने गाणं ऐकलेलंच नाही असा संशय येतो.

यंत्रं होती, नाकारायचं कशाला. ड्रमसाठी लिन मशीन, सिंथेसायझरमध्ये रोलंडचा जुनो-60. पण सुरुवातीची ती उड्या मारणारी धून कीबोर्डवादक मॅग्ने फुरुहोल्मेनने या बँडच्या जन्माआधी, शाळकरी वयात बांधली होती. तो आणि गिटारवादक पॉल वाकतार तेव्हा ‘ब्रिजेस’ नावाच्या दुसऱ्याच बँडमध्ये होते. त्या काळात गाण्याचं नावही वेगळं होतं. पुढे नाव, शब्द, मुखडा सगळं बदलत गेलं, धून मात्र राहिली. गायक मॉर्टन हार्केट त्यांना येऊन मिळाला आणि हीच धून हाताशी धरून चला म्हणाला. म्हणजे यंत्राच्या हाती देण्याआधी पोरांनी हे गाणं काही वर्षं पाडून पुन्हा बांधलं होतं.

आणि गळा? तो तर कुठल्याच यंत्रातून निघत नाही. आपल्या भाषेत सांगतो. गाण्याचा मूळ स्वर पेटीची पांढरी सहा. मुखड्याचा, म्हणजे ‘टेक ऑन मी’ या शब्दांचा, पहिला स्वर मंद्र, म्हणजे खालच्या, सप्तकातला षड्ज, जवळजवळ पुटपुटल्यासारखा. तिथून दुसऱ्या स्वराला गायक थेट त्याच सप्तकाच्या शुद्ध निषादावर उडी मारतो आणि तिसऱ्याला मध्य षड्जावर टेकतो. सा, मग मधले सगळे स्वर ओलांडून नि, मग वरचा सा. क्लासमध्ये विद्यार्थ्याला सा वरून एकदम नि लावायला सांगून बघा, दहातले सात घसरतील. पाश्चात्त्य संगीत शिकणारी मुलं हे अंतर कानात बसवायला याच गाण्याचा आधार घेतात. आणि ही झाली सुरुवात. मुखडा तिथून पायरी पायरीने चढत शेवटी तार सप्तकातल्या पंचमावर जातो. मंद्र सा ते तार प, अडीच सप्तकांहून थोडं जास्त, एका मुखड्यात. शेवटच्या टप्प्यात हार्केट आवाज चोरून पातळ करतो, म्हणजे आपण ज्याला खोटा आवाज म्हणतो तो लावतो, पण जोड कुठे दिला ते कानाला कळत नाही. पार्टीत सगळे हे गाणं जोशात सुरू करतात आणि मुखड्याच्या शेवटी सगळ्यांचा एकच चित्कार होतो, त्याचं कारण हे. बटण दाबून होत असतं तर तो चित्कार झाला नसता.

एका गाण्याचा बँड, हा मुद्दा झटपट संपवता येतो. हे चित्र अमेरिकेतल्या आकड्यांवरून बनलंय, आणि तिथेही दुसरं गाणं पहिल्या विसात होतं हे वर आलंच. ब्रिटनमध्ये जानेवारी 1986 मध्ये ते पहिलं. 1987 मध्ये बाँडपटाचं शीर्षकगीत ‘द लिव्हिंग डेलाइट्स’ यांचंच. 1991 च्या जानेवारीत ब्राझीलमध्ये, रिओच्या माराकाना स्टेडियमवर, यांना ऐकायला 1,98,000 लोक तिकीट काढून आले आणि गिनीज बुकात नोंद झाली. दोन लाखांना दोन हजार कमी! एका गाण्यासाठी कुणी एवढ्या गर्दीत दोन तास चेंगरून घेत नाही. 2006 मध्येही, म्हणजे पहिल्या यशानंतर वीस वर्षांनी, ‘ॲनालॉग’ हे गाणं ब्रिटनच्या पहिल्या दहांत होतं.

राहता राहिला आठवणींचा मुद्दा. फेब्रुवारी 2020 मध्ये यूट्यूबवर या व्हिडिओने शंभर कोटींचा आकडा ओलांडला. तो आकडा मी माझ्या बाजूने मांडणार नाही, कारण मित्र लगेच म्हणेल, बघ, व्हिडिओच. मग ज्यात तो व्हिडिओ नाही ती उदाहरणं घेऊ. 2000 मध्ये ‘ए-वन’ या पोरांच्या गटाने हेच गाणं गायलं आणि ते ब्रिटनमध्ये पहिलं आलं. मुळात जे यश ए-हाला तिथे मिळालं नव्हतं ते नकलेला मिळालं! ती रेकॉर्ड घेणाऱ्या शाळकरी मुलींना 1985 ची कसली आठवण असणार, बहुतेकींचा जन्मही तेव्हाचा किंवा नंतरचा. 2013 मध्ये अमेरिकी रॅपर पिटबुलने ती धून आपल्या नाचाच्या गाण्यात घेतली. आणि 2017 च्या उन्हाळ्यात ए-हाने स्वतःच नॉर्वेतल्या गिस्के बेटावर ती पूर्ण बदलून वाजवली: ड्रम मशीन नाही, सिंथेसायझरचा धडाका नाही, लय कितीतरी संथ. तेव्हा कळलं की ते उड्या मारणारं गाणं आतून किती उदास आहे. एवढी वर्षं आपण ज्यावर नाचलो ती एका घाबरलेल्या माणसाची विनवणी होती. मुलीला ते हळू रूप आधी ऐकवलं आणि मग मूळचं. ती म्हणाली, बाबा, यांनी चांगल्या गाण्याची पार वाट लावलीय. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

हे सगळं मी ग्रुपवर तुकड्या-तुकड्यांनी टाकलं. इंग्रजी कच्चं असल्याच्या मुद्द्यावर मात्र एवढंच लिहिलं, की नॉर्वेजियन भाषेत ‘ता पो’ म्हणजे स्पर्श करणं, आणि ते शब्दाला शब्द ठेवून इंग्रजीत नेलं तर ‘टेक ऑन’ होतं. आपल्या भाषेचा साचा घेऊन इंग्रजीत शिरायचं, हे आपणही रोज करतो, तेव्हा त्या पोरांना हसण्याआधी जरा विचार कर. मित्राचं उत्तर पाच मिनिटांत आलं, इंग्रजीतून: व्हाय आर यू शाउटिंग ऑन मी?