ब्रीफकेसमधला सूर्य

आमच्या गच्चीवरची टाकी रोज सकाळी भरून वाहते आणि ती वाहिली की तळमजल्यावरचे काका खालून ओरडतात. काकांच्या आधी एखादा भोंगा ओरडावा, एवढीच माझी इच्छा होती. असा भोंगा बाजारात तयार मिळतो, हे बायकोनं पहिल्याच दिवशी मोबाइलवर काढून दाखवलं. पण ज्याच्या घरात सोल्डरिंग आयर्न आहे त्यानं भोंगा विकत घेणं म्हणजे सुगरणीनं दिवाळीच्या चकल्या बाहेरून आणणं.

सर्किट किरकोळ. 555 नावाची टायमर चिप, चार-पाच रेझिस्टर, एक बझर. नडला तो माझा हट्ट. वायरींचं जंजाळ नको, रीतसर पीसीबीच हवा, म्हणजे वायरींऐवजी तांब्याच्या रेघांनी भाग जोडणारा बोर्ड. तांब्याचा पातळ पत्रा चढवलेल्या बोर्डावर निळी फिल्म चिकटवायची, वर सर्किटची पारदर्शक छपाई ठेवून काचेनं दाबायची आणि अतिनील प्रकाश पाडायचा. प्रकाश लागेल तिथली फिल्म घट्ट होते, उरलेली धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात निघून जाते. मग उघडं पडलेलं तांबं फेरिक क्लोराइड खातं आणि फिल्मखालच्या रेघा शिल्लक राहतात.

आता अतिनील प्रकाश म्हणजे ऊन, आणि ऊन फुकट. पण हा विचार मला सुचला जुलैमध्ये, पुण्यात. तीन दिवस मी पत्रा काखेत घेऊन गच्चीवर उभा होतो. ऊन यायचं, मी चाळीस आकडे मोजायचो, ढग यायचा. ढगातले आकडे धरायचे की सोडायचे? आई म्हणाली, "अरे, पापडसुद्धा मे महिन्यात घालतात."

मग ठरवलं, स्वतःचा सूर्य करायचा.

तापकीर गल्लीतल्या दुकानदारानं आधी पाण्याच्या फिल्टरमधली यूव्ही नळी पुढे केली. ती मी हात जोडून परत केली. तिचा प्रकाशही अतिनीलच, पण 254 नॅनोमीटर तरंगलांबीचा, जंतू मारणारा. साध्या काचेतून तो जातच नाही. म्हणजे काचेखालच्या बोर्डाला काही मिळणार नाही आणि माझ्या डोळ्यांना मात्र सगळं मिळणार. मला हवे होते 395 नॅनोमीटरच्या आसपासचे जांभळे एलईडी. "किती?" "शंभर." "गणपतीच्या मखराला का?" मी हो म्हणालो. खरं सांगायला लागलो असतो तर दुकान बंद व्हायची वेळ झाली असती.

बारा व्होल्टवर तीन-तीन एलईडींची ओळ आणि प्रत्येक ओळीला शंभर ओहमचा एक रेझिस्टर. अशा तेहेतीस ओळी, नव्व्याण्णव एलईडी, एकशे अठ्ठ्याण्णव पाय. लांब पाय धन, आखूड ऋण. पण मी नीटनेटकेपणाच्या भरात सगळे पाय आधीच सारखे कापून टाकले होते. एक जरी उलटा बसला तरी त्या ओळीतले तिघंही संपावर जातात, अगदी आमच्या सोसायटीच्या कमिटीसारखे. अकरा ओळी संपावर होत्या.

खोकं म्हणून बाबांची जुनी ब्रीफकेस घेतली. "घेतली" हा माझा शब्द. बाबांचा वेगळा आहे. निवृत्त झाल्यापासून ती माळ्यावरच होती, पण मी तिच्या झाकणात एलईडी बसवले त्या दिवसापासून बाबांना ती रोज लागायला लागली.

पहिल्या प्रयत्नात बोर्डावर सर्किटऐवजी ठिपक्यांची रांगोळी उमटली. ब्रीफकेस उथळ, त्यामुळे प्रत्येक एलईडीचा झोत आपापल्या जागी गोल पडला होता. उपाय एकच, एलईडींची डोकी पॉलिश पेपरनं घासून खरखरीत करायची, म्हणजे प्रकाश पसरतो. दोन संध्याकाळी मी टीव्हीसमोर बसून डोकी घासत होतो. शेजारी आई गवार निवडत होती. तिची दोन्ही दिवस माझ्या आधी संपली.

दरम्यान घराला या सूर्याचे भलतेच उपयोग सापडले. बायकोनं पाचशेच्या नोटा आत घालून त्यांचे आकडे चमकतात का ते पाहिलं. धुण्याच्या पावडरीमुळे माझा बनियन निळाभोर उजळला आणि तो खरोखर धुतलेला असल्याचं सिद्ध झालं. 1801 साली जर्मनीत रिटर नावाच्या शास्त्रज्ञानं जांभळ्या रंगापलीकडच्या अंधारात सिल्व्हर क्लोराइड काळं पडताना पाहिलं आणि अतिनील किरण शोधले. त्याच्या घरी बनियन तपासायला कोणी आलं नसावं.

फिल्म चिकटवायची ती मंद पिवळ्या उजेडात. असा दिवा आमच्याकडे फक्त बाथरूममध्ये आहे. सकाळी सात वाजता मी इस्त्री, पत्रा आणि ब्रीफकेस घेऊन आत, बाहेर टॉवेल खांद्यावर टाकून बाबा. "काय चाललंय आत?" "एक्स्पोजर!" बाहेर बराच वेळ शांतता होती. किती वेळ प्रकाश द्यायचा ते पट्टी सरकवत, तीस-तीस सेकंद वाढवत ठरवलं. तीन मिनिटं. मग बोर्ड सोड्याच्या पाण्यात सोडला आणि ब्रशनं हलकेच घासू लागलो. पाच मिनिटं. दहा. वीस. निळा रंग ढिम्म. सोडा वाढवला, पाणी कोमट केलं, माझं तोंड उतरलं. मग कोपऱ्यात नखाला काहीतरी लागलं. फिल्मला दोन्ही बाजूंनी पारदर्शक पापुद्रा असतो. खालचा चिकटवण्याआधी काढायचा, वरचा सोड्यात टाकण्याआधी. मी वीस मिनिटं प्लास्टिक धूत होतो. चिकटपट्टीचा तुकडा लावून तो सर्रकन ओढला आणि दोन मिनिटांत निळ्या रेघा अशा सुरेख उठून आल्या की मी बाथरूममधून ओरडलो. त्याच वेळी खालून काकाही ओरडले. टाकी वाहत होती.

फेरिक क्लोराइडनं बोर्ड उत्तम खाल्ला आणि जाता जाता फरशीही चाखली. तो तपकिरी डाग आता पायपुसण्याखाली राहतो. बोर्ड वाळवून पाहिला तर कोपऱ्यात हौसेनं घातलेलं "टाकी" आरशात वाचावं लागत होतं. कडा तीक्ष्ण याव्यात, शाई फिल्मला टेकावी, म्हणून मी छपाई शेवटच्या क्षणी पालथी ठेवली होती. अख्खं सर्किट उलटं.

पण सूर्य केलेला माणूस हरतो थोडाच. सगळे भाग मी तांब्याच्या बाजूनंच बसवले. चिप जिथं पाठीमागे असायला हवी तिथं रेघांवरच ऐसपैस बसलेली. बटण दाबलं आणि भोंगा असा कोकलला की मांजर माळ्यावर गेलं.

"आता टाकी भरली की हा वाजेल," मी आईला सांगितलं.

"म्हणजे काकांच्या आधी?"

"हो."

"मग काका रोज सकाळी काय करतील रे?" आई म्हणाली.

बाबांनी पेपर खाली घेतला. "ब्रीफकेस मोकळी झाली का?"