पहिली-दुसरीतला परिसर अभ्यास बंद झालेला नाही

‘नव्या धोरणात पहिली-दुसरीतून परिसर अभ्यास काढला, आता फक्त भाषा आणि गणित,’ असा मजकूर गोव्यातल्या पालकांत फिरतोय. तो चुकीचा आहे. २०२२ च्या पायाभूत स्तराच्या (बालवाडी ते दुसरी) राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात या विषयाचं वेगळं पुस्तक नाही, एवढंच खरं. तेही नवं नव्हे. २००५ च्या आराखड्यातही तो भाषा-गणितातच गुंफलेला होता. आणि ते योग्यच आहे. तिसऱ्या, म्हणजे खाण्याच्या शिंपल्या, मोजता मोजता मूल विचारतं, ह्या शिंपल्या नदीच्या रेतीतच का सापडतात? खाजनातल्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतातल्या) मानशीवर, म्हणजे भरतीचं पाणी अडवणाऱ्या दारावर, चार वाक्यं बोलायला लावा, मराठीच्या तासातच भरती-ओहोटी येते. तिसरीपासून तर ‘आपल्या भोवतीचं जग’ हा स्वतंत्र विषय आहेच. कृपया तो मजकूर पुढे पाठवू नका.