एकावर एक जिने: डोकं आपटतं ते जिन्याला नव्हे, बीमला

रो-हाउसवाल्यांत फिरणारा सल्ला असा: ‘सरळ जिने एकावर एक आले की हेडरूम (पायरीवर उभं राहिल्यावर वर मिळणारी मोकळी उंची) कमी पडतोच. वरच्या जिन्याची स्लॅब खालून दोन इंच तासा, किंवा पायऱ्या उंच करून एक कमी करा.’

‘कमी पडतोच’? हिशेब मांडू. मजल्याची उंची 3050 मिमी, 18 रायझर (पायरीची उभी बाजू) म्हणजे प्रत्येकी 169, ट्रेड (पाय ठेवायची आडवी बाजू) 250, वेस्ट स्लॅब (पायऱ्यांखालची तिरकी स्लॅब) 150. वरचा जिना खालच्याच्या नेमका वर असेल, तर नोझिंगपासून (पायरीच्या पुढच्या कडेपासून) वरच्या जिन्याच्या पोटापर्यंत ओळंब्यात सुमारे 2700 मिमी मिळतात. राष्ट्रीय इमारत संहिता 2.2 मीटर मागते.

घोळ होतो तो वरचा जिना चार-पाच ट्रेड पुढून सुरू केल्यावर. वर पॅसेज ऐसपैस होतो, पण त्याचा बीम खालच्या पायऱ्यांवर येतो. स्लॅबसकट 380 मिमी उंचीचा बीम धरला, तर दुसऱ्या नोझिंगवर 2330, तिसऱ्यावर 2160 आणि पाचव्यावर फक्त 1823 उरतात. म्हणून नकाशातच वरच्या जिन्याची सुरुवात मागे घ्या. दर ट्रेडला 169 मिळतात.

‘दोन इंच तासा’ हे तर धोक्याचं. वेस्ट स्लॅबची मुख्य सळई तळाशीच, जेमतेम 20 मिमी कव्हरच्या (सळई झाकणाऱ्या काँक्रीटच्या थराच्या) आत असते. दोन इंचांत ती उघडी पडते किंवा कापली जाते. शिवाय अडतो बीम, आणि तासायची स्लॅब! गिलावा आणि फॉल्स सीलिंग काढा, त्यापुढे छिन्नी नको.

पायऱ्या उंच करण्यात अर्धं तथ्य आहे. 17 रायझर केले की प्रत्येकी 179. वरचं टोक जागेवर ठेवून खालची सुरुवात एक ट्रेड पुढे घेतली, तर त्या पाचव्या नोझिंगच्या जागी सुमारे 130 मिमी वाढतात. तरी 1950 च. सुरुवात जागेवर ठेवून वरचं टोक अलीकडे आणलं, तर उलट 50 कमी होतात. 16 करायला जाल तर रायझर 190.6, घरांसाठीची मर्यादा 190.

बांधून झालेल्या घरात ग्रॅनाइट आणि खालचा मसाला काढून साधारण 50 मिमी मिळतात. पण फक्त पायऱ्यांवरचाच काढला, तर पहिला रायझर 50 ने बुटका आणि शेवटचा तेवढाच उंच होतो, आणि ठेच तिथेच लागते. दोन्ही मजल्यांची फरशीही तेवढीच खाली घ्यावी लागते. बीम मागे सरकवायचा असेल, तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरचं ड्रॉइंग आणि स्लॅबला टेकू, मगच मिस्त्री.