रामबागेतून विजय नगरला वेळेवर कसं पोचावं

रामबागेत घर मिळालं? अभिनंदन. आता तुम्ही इंदूरच्या अगदी मधोमध राहता, तेव्हा एक गोष्ट पाठ करून ठेवा, इथून सगळं दहा मिनिटांवर आहे. राजवाडा दहा मिनिटं, स्टेशन दहा मिनिटं, सराफा दहा मिनिटं आणि विजय नगरचं ऑफिसपण दहाच मिनिटं. कोणी विचारलं की हेच सांगायचं, घड्याळ बघायचं नाही. घड्याळ बघणारे केव्हाच सुदामा नगरला नाहीतर राजेंद्र नगरला फ्लॅट घेऊन निघून गेले आणि आता तिथून दर रविवारी ट्राफिकमधे अडकत राजवाड्याला खरेदीला येतात.

सकाळचं पहिलं काम म्हणजे गाडी बाहेर काढणं. गाडी म्हणजे टू-व्हीलर, कारचा विषय काढू नका, आमच्या गल्लीत ज्यांच्याकडे कार आहे त्यांनी तिच्यावर कव्हर घातलंय आणि कव्हरवर पापड वाळताहेत. तर वाड्याच्या बोळात गाड्या एकामागे एक लागतात आणि ज्याला सगळ्यात आधी निघायचं असतं त्याचीच गाडी सगळ्यात आत असते, हा नियमच आहे. मग "काकू, काकांच्या गाडीची किल्ली देता का" अशी हाक मारायची. काका अंघोळीला, किल्ली काल घातलेल्या पँटच्या खिशात, पँट भिजवलेली. काकू किल्ली शोधतील आणि तोवर हातात पोह्यांची प्लेट देतील, वरून सेव आणि जीरावन, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला. नाही म्हणू नका, लेट तर झालाच आहे.

पोहे संपेपर्यंत कचरा गाडी गल्लीत शिरलेली असेल. 2017 पासून आपण स्वच्छतेत देशात एक नंबर आहोत, आणि तो एक नंबर तुमच्यापुढे गाणं वाजवत पायी चालण्याच्या स्पीडने चाललाय, प्रत्येक दारापाशी थांबत. ओव्हरटेक करायला जागा नाही आणि हॉर्न मारणं बरं दिसत नाही, शहराच्या अभिमानाला कोण हॉर्न मारतं. पुढे जाममधे उभे राहिलात की खाली बघा, रस्त्यावर एक रॅपर दिसणार नाही. बघायला वेळ भरपूर मिळतो.

मग चिमणबाग, मालवा मिल, पाटनीपुरा करत निघायचं. चौराह्यावर डावीकडे वळायला सिग्नल लागत नाही, लेफ्ट टर्न फ्री असतो, आणि फ्री असतो म्हणूनच सरळ जाणारे सगळे तिथे येऊन उभे राहतात. तुम्ही हॉर्न वाजवाल, पुढचा मान वळवून तुमच्याकडे बघेल, मग मान परत सरळ करेल. झालं, त्याच्याकडून काम संपलं. सिग्नलवर सेकंद उलटे मोजतात ना, ते शून्यापर्यंत थांबायला नसतात हं, पाच दिसले की निघायचं, नाहीतर मागून आवाज येतोच, "भिया, सो गए क्या?"

हेल्मेट लोकांनी घेतलं ते पेट्रोल पंपासाठी. 1 ऑगस्ट 2025 पासून हेल्मेट नसेल तर पेट्रोल नाही असा हुकूम निघाला आणि लोकांनी तो अक्षरशः पाळला, म्हणजे पंपावर घालायचं, पेट्रोल भरलं की मागच्याला परत द्यायचं. एका दूधवाल्याने तर दुधाच्या कॅनचं झाकणच डोक्यावर धरलं, व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलाच असेल.

गाडीचा कंटाळा आला तर ई-रिक्षा आहे. ड्रायव्हर म्हणेल, "विजय नगर नी जाएंगे भिया, राजवाड़ा छोड़ दूं?" राजवाडा उलट्या दिशेला, तुमच्या घरापासून पायी अंतरावर. बसून घ्या, त्याला वाईट वाटेल.

आय-बस छान होती. 2013 मधे निरंजनपूरपासून राजीव गांधी चौराह्यापर्यंत साडेअकरा किलोमीटरची बीआरटीएसची, म्हणजे रस्त्याच्या मधोमध फक्त बससाठीची लेन झाली, आय-बस त्यातून सुसाट जायची आणि दोन्ही बाजूंना कारवाले अडकून तिच्याकडे बघायचे. हे बघणंच त्यांना सहन होईना. 2025 च्या फेब्रुवारीत हायकोर्टाचा आदेश आला की काढा, तेव्हापासून काढणं चालू झालं, पण काढायची कोणाला घाई नव्हती. म्हणजे काही महिने लेनही नाही आणि रस्ताही नाही. आता बसवाले, कारवाले, आपण, सगळे एकत्र अडकतो, समानता आली.

आणि मेट्रो! 31 मे 2025 ला, अहिल्याबाईंच्या तीनशेव्या जयंतीला सुरू झाली, सुपर कॉरिडॉरवर जवळजवळ सहा किलोमीटर, पाच स्टेशनं, चकाचक, एसी. ती पकडायला रामबागेतून आधी विमानतळाकडे गाडीने जावं लागतं, पार्क करावी लागते, मेट्रोत बसून मोकळी शेतं आणि प्लॉट बघत दुसऱ्या टोकाला जावं लागतं आणि गाडी अलीकडे राहिली म्हणून परत यावं लागतं. पाहुणे आले की अवश्य न्या. ऑफिसला जायचं असेल त्या दिवशी नको.

वर्षातले दोन दिवस मात्र वेगळे. अनंत चतुर्दशीच्या रात्री कापड मिलच्या झांक्या, म्हणजे रोषणाईचे चित्ररथ निघतात, हुकुमचंद मिल 1991 मधे बंद पडली पण तिची झांकी दरवर्षी वेळेवर असते, अख्ख्या शहरात वेळेवर असलेली ती एकच गोष्ट असावी. आणि रंगपंचमीला गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक. त्या दिवशी टोरी कॉर्नर ते राजवाडा वरून पाणी, खालून गुलाल, मधे माणसंच माणसं, गाडी काढायचा विचारच करू नका. बॉस इंदूरचा असेल तर तोही तिथेच भेटेल. बेंगलोरचा असेल तर अर्जात गेरबिर काही लिहू नका, ताप आलाय लिहा आणि रंग उतरायला दोन दिवस लागतात म्हणून सुट्टी तीन दिवसांची टाका.