हसणाऱ्यांनो, ती फळी बघितली का?

आज डोकं फिरलंय म्हणून लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या. व्हीलचेअरवर असूनही अंतराळात जाऊन आलेल्या मिकाएला बेंटहाउसचा व्हिडिओ परत फिरत होता आणि मी खालच्या कमेंट्स वाचत बसलो, बसायला नको होतं. "दहा मिनिटांची पिकनिक", "पैसा उतू चालला की हे असले चाळे सुचतात" आणि त्यावर हसणाऱ्या इमोजींचा ढीग.

अरे, व्हिडिओ नीट बघितला तरी का? ही जर्मन इंजिनियर, 2018 च्या सायकल अपघातात मणक्याला मार बसला, तेव्हापासून व्हीलचेअरवर. डिसेंबर 2025 मध्ये ब्लू ओरिजिन या खासगी कंपनीच्या न्यू शेपर्ड रॉकेटमधून 100 किलोमीटरच्या वर जाऊन आली. त्यासाठी काय करावं लागलं? दारापासून सीटपर्यंत सरकत जायला एक फळी. आणि उतरल्यावर वाळवंटात अंथरलेला गालिचा, म्हणजे खुर्ची तिच्यापर्यंत आणता येईल. बस्स एवढंच!

मला हे का लागतं ते सांगतो. मला पायलट व्हायचं होतं. मेडिकलला रंगीत ठिपक्यांचं ते पुस्तक समोर ठेवलं आणि डॉक्टर म्हणाले, आकडा वाचा. मला आकडा दिसेचना, नुसते ठिपके. त्यांनी पान उलटलं, परत उलटलं, मग माझ्याकडे न बघताच फॉर्मवर काहीतरी खरडलं आणि पुढच्याला हाक मारली. नियम बरोबरच होता, लाल-हिरव्यात गोंधळणाऱ्याच्या हातात विमान देऊ नये, मान्य. पण विमानात प्रवासी म्हणून बसायला मला कोणी ठिपके दाखवत नाही ना? अंतराळात वर्षानुवर्षं हा प्रवासीच नव्हता हो. जो जायचा तो बहुतेक सरकारने निवडलेला, ठोकून-बजावून घेतलेला. 2001 मध्ये डेनिस टिटो साधारण 2 कोटी डॉलर मोजून रशियाच्या सोयुझ यानातून स्पेस स्टेशनवर गेला, नासाचा विरोध असताना गेला, तेव्हा कुठे ते दार किलकिलं झालं.

आणि आत कोण कोण आलं बघा. वॅली फंक! 1961 मध्ये पुरुष अंतराळवीरांसारख्याच टेस्ट पास झालेली बाई, अंधाऱ्या पाण्याच्या टाकीत 10 तासांहून जास्त राहून दाखवलं, तरी नाही म्हणजे नाही, कारण नासाला लष्करी जेटचे टेस्ट पायलट हवे होते आणि ते बायकांना होताच येत नव्हतं. शेवटी 2021 मध्ये गेली, वय 82. हेली आर्सेनो, लहानपणी हाडाचा कॅन्सर, पायात कृत्रिम सांधा, 3 दिवस पृथ्वीभोवती फिरून आली. जॉन गुडविन, पार्किन्सन्स झालेला, 2005 मध्ये तिकीट काढलं आणि 2023 मध्ये 80 व्या वर्षी गेला. यातल्या एकालाही त्या टेबलापलीकडच्या माणसाने पुढच्या पानावर जाऊ दिलं नसतं.

हो, पैसा. व्हर्जिन गॅलॅक्टिक या दुसऱ्या कंपनीचं तिकीट 2021 मध्ये 4.5 लाख डॉलरवर गेलं होतं, स्पेस स्टेशनला जायचं तर 2022 मध्ये सीटला साधारण साडेपाच कोटी डॉलर पडले. अश्लील आकडे आहेत, वाद नाही. रॉकेटच्या धूर-काजळीचा मुद्दाही खोटा नाही. पण तिकिटं बंद केली म्हणून ते पैसे उपाशी माणसाच्या ताटात पडणार आहेत असं वाटत असेल तर कठीण आहे.

माझा खरा राग दुसरीकडे आहे. "लवकरच सगळ्यांसाठी अंतराळ" असं जे विकतात ना, त्यांच्यावर. न्यू शेपर्ड म्हणजे चेंडू वर फेकला आणि खाली आला, 3-4 मिनिटं वजनरहित. कक्षेत राहायचं तर ताशी 28,000 किलोमीटर वेग लागतो, आणि परत येताना तो सगळा वेग उष्णता होऊन अंगावर येतो. ते काम दोन-चार वर्षांत स्वस्त होत नसतं, उगाच पोरांना हनिमून पॅकेजची स्वप्नं विकू नका.

आणि प्रवासी म्हणता तर प्रवाशासारखं वागवा. 2014 मध्ये व्हर्जिनच्या यानाच्या चाचणीत मायकेल ऑल्सबरीचा जीव गेला, तो तर कसलेला टेस्ट पायलट होता. तिकीट काढणाऱ्याला काय मिळतं? अमेरिकेत अंतराळ प्रवाशांच्या सुरक्षिततेचे नियम करायला एफएएला, म्हणजे तिथल्या सरकारी विमान-उड्डाण खात्याला, जानेवारी 2028 पर्यंत कायद्यानेच मनाई आहे. तोवर धोका समजलाय अशी सही करा आणि बसा. मी सही करेन, आत्ता पेन द्या. पण प्रत्येकाने का करावी? 2004 पासून ही सूट चाललीय, मुदत संपत आली की वाढवून घेतात.

2028 ला परत वाढवू नका. नियम करा, पण करताना त्या टेबलावर मिकाएलाला बसवा, हेलीला बसवा. नाहीतर सुरक्षिततेच्या नावाखाली पहिली बाहेर काढली जाईल ती फळीच, आणि परत फक्त धडधाकट लोक वर जातील. खर्च, काजळी, कायदा, यावर कमेंटमध्ये भांडा, मी आहे. त्या बाईवर हसणाऱ्याला मात्र सरळ अनफ्रेंड करणार, आधीच सांगतोय.