झोपेचं इंजेक्शन, घोरणारे काका आणि गुडघ्याखालची उशी

गेल्या महिन्याभरात तो मेसेज मला सहा वेळा आला. दोनदा माहेरच्या ग्रुपवर, एकदा सोसायटीच्या, बाकी तीनदा पेशंटच्या नातेवाइकांनी थेट मोबाइल नाकासमोर धरून. ‘हाडाचं ऑपरेशन झालंय? मग हे वाचाच’ अशी सुरुवात आणि शेवटी जोडलेले हात. म्हणणं थोडक्यात असं: पेशंट जितका झोपेल तितकं हाड लवकर जुळतं. झोप येत नसेल तर सिस्टरकडे झोपेचं इंजेक्शन हक्काने मागा. दुखण्याच्या गोळ्या टाळा, किडनीवर जातात. पेशंट घोरत असेल तर निश्चिंत राहा. दिवसा डोळा लागला तर उठवू नका, रात्री बीपी बघायला येणाऱ्यांना परत पाठवा आणि गुडघ्याखाली मऊ उशी द्या.

मी हाडांच्या वॉर्डात 14 वर्षं सिस्टर आहे, त्यातली निम्मी रात्रपाळीत गेली. तेव्हा एकेक मुद्दा घेते, पण मेसेजच्या क्रमाने नाही, नुकसानीच्या.

आधी इंजेक्शन. डोळे मिटले म्हणजे झोप, असा सगळ्यांचा समज. भूलसुद्धा लोकांना झोपच वाटते. ‘डॉक्टरांनी दोन तास छान झोपवलं,’ म्हणतात. पूर्ण भुलीत मेंदूचा आलेख काढला तर तो झोपेपेक्षा बेशुद्धीच्या जवळचा दिसतो. ती औषधाने आणलेली आणि औषध थांबवल्यावर उतरणारी बेशुद्धीच असते. खऱ्या झोपेत मेंदू साधारण दीड-दीड तासाच्या फेऱ्या मारतो: उथळ झोप, गाढ झोप, स्वप्नांची झोप, मग पुन्हा पहिल्यापासून. मोठ्या ऑपरेशननंतर पहिल्या एक-दोन रात्री यातली गाढ आणि स्वप्नांची झोप जवळजवळ नाहीशीच होते. जखमेची सूज, दुखणं आणि मॉर्फिनच्या जातीची औषधं मिळून हे करतात. त्यात उलटी होऊ नये म्हणून डेक्सामेथासोन दिलेलं असेल तर पेशंट पहिली रात्र टक्क जागा. तो ‘टेन्शन घेतोय’ असं घरचे म्हणतात. टेन्शन कसलं, औषधाचा गुण तो.

अशा वेळी अल्प्राझोलाम, लोराझेपाम ही झोपेची औषधं दिली की डोळे मिटतात, पण गाढ झोप आणखीच कमी होते. ‘निदान एव्हिल तरी द्या’ ही दुसरी मागणी. एव्हिल ॲलर्जीचं औषध आहे, त्याने गुंगी येते एवढंच. म्हाताऱ्या माणसात त्याने लघवी अडते आणि डोकं भरकटतं. अमेरिकेतल्या वृद्धरोगतज्ज्ञांच्या संघटनेची ‘बीअर्स यादी’ आहे, वयस्कांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची. तिच्यात अल्प्राझोलामचं सगळं खानदान आणि ॲलर्जीची ही जुनी औषधं दोन्ही आहेत.

खुब्याचं हाड मोडलेल्या एक आजी होत्या, 78 वर्षांच्या. झोप येत नाही म्हणून मुलाने घरची गोळी आम्हाला न विचारता दिली. रात्री 2 वाजता आजींनी सलाईन उपटलं, रेलिंगवरून पाय टाकला आणि मला म्हणाल्या, “सर बाजूला, म्हशीला पाणी दाखवायचंय.” म्हैस विकून 20 वर्षं झाली होती. मुलगा रडायला लागला. त्याला वाटलं, आईला वेड लागलं. वेड नव्हे, तो भ्रम होता. ऑपरेशन, दुखणं, जागरण, परकी जागा यांच्यावर गोळीची भर पडली की असं होतं. याचा एक गपगार प्रकारही असतो. पेशंट दिवसभर डोळे मिटून पडलेला, हाक मारली तर हूं. घरचे खूश: ‘आज मस्त झोपलीये.’ मला त्या गप्प आजींची जास्त धास्ती वाटते.

हे टाळता येतं का? बऱ्याच अंशी येतं. बॉस्टनमध्ये खुब्याचं हाड मोडलेल्या, 65 वर्षांपुढच्या 126 जणांवर झालेला अभ्यास 2001 साली छापून आला. नेहमीच्या पद्धतीने सांभाळलेल्यांपैकी निम्म्यांना भ्रम झाला. वृद्धरोगतज्ज्ञाने रोज लक्ष घातलं त्या गटात हे प्रमाण 32 टक्के राहिलं. त्यांनी कुठलं जादूचं औषध दिलं नाही. नको ती औषधं बंद केली, वेळच्या वेळी पॅरासिटामॉल दिलं, लघवीची नळी लवकर काढली, चष्मा आणि कानाचं यंत्र पेशंटच्या हाताशी ठेवलं. आपल्याकडे ऑपरेशनच्या दिवशी चष्मा आणि कवळी पिशवीत घालून घरी पाठवतात, ‘हरवायला नको’ म्हणून. मग आजीला रात्री समोरचं माणूसही ओळखू येत नाही.

आता दुखण्याच्या गोळ्या. यात अर्धं खरं आहे. डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या किडनीला त्रास देऊ शकतात. वय झालेलं असेल, शुगर-बीपी असेल तर डॉक्टर ते बघूनच लिहितात. पण तोच शिक्का पॅरासिटामॉलवर मारायचा आणि माणसाला रात्रभर कण्हत ठेवायचं, हे कुठलं शहाणपण? पायाच्या नसेजवळ दिलेला ब्लॉक, म्हणजे पाय बधिर करणारं इंजेक्शन, 12 ते 24 तास टिकतो. म्हणजे सकाळी किंवा दुपारी ऑपरेशन झालेल्याचा तो बऱ्याचदा मध्यरात्री नाहीतर पहाटे उतरतो, आणि मग दुखणं एकदम अंगावर येतं. ते भरात आल्यावर आटोक्यात आणायला वेळ लागतो. म्हणून मी सांगते, 10 वाजता ठणका जाणवायला लागला तर 10 लाच बेल मारा, 2 पर्यंत थांबू नका. बायका हमखास थांबतात. रात्रभर पदराचं टोक तोंडात धरून जाग्या, आणि सकाळी राउंडला डॉक्टरांनी विचारलं की ‘बरं आहे’.

घोरण्याच्या मुद्द्यावर मात्र मला खरोखर राग आहे. मॉर्फिनच्या जातीचं औषध दिलेला पेशंट मोठ्याने घोरत असेल तर निश्चिंत राहू नका, जवळ जाऊन बघा. घोरणं मध्येच थांबतं का? छाती हलते पण आवाज नाही, आणि मग एकदम फुर्रकन मोठा श्वास, असं होतं का? जाड मानेचे एक काका होते. बायको कौतुकाने म्हणाली, “बघा ना, किती दिवसांनी लागलीये झोप.” बोटाला मशीन लावलं तर ऑक्सिजन 84. खांदा धरून हलवलं, डोकं वर केलं, ऑक्सिजन लावला, डॉक्टरांना उठवलं. झोपेत श्वास थांबण्याचा आजार त्यांना कित्येक वर्षं असावा, भुलीच्या तपासणीत कोणी सांगितलाच नव्हता. टोरांटोच्या भूलतज्ज्ञांनी 2008 साली यासाठी आठ प्रश्नांची साधी यादी छापली: घोरणं, दिवसा पेंग, झोपेत श्वास थांबलेला कोणी पाहिलाय का, बीपी, वजन, वय, मानेचा घेर, पुरुष की बाई. भूलतज्ज्ञ ‘घोरता का?’ विचारतात तेव्हा पेशंट लाजून नाही म्हणतो. उत्तर बायकोने द्यावं. या आजारासाठी घरी झोपताना मास्कचं मशीन वापरत असाल तर ते बॅगेत आलंच पाहिजे.

रात्री बीपी बघायला येणाऱ्यांना परत पाठवा? पहिल्या रात्री तरी नका पाठवू. आम्ही बीपीबरोबर पायाची बोटं बघतो: गरम आहेत का, हलतात का, मुंग्या आहेत का. प्लास्टरच्या आत सूज दाबली गेली तर स्नायू काही तासांत मरतात, ते सकाळपर्यंत थांबत नाही. मात्र तिसऱ्या-चौथ्या रात्री सगळं ठीक असलेल्या माणसाला 12 ला बीपीसाठी, 2 ला इंजेक्शनसाठी, 5 ला रक्तासाठी आणि साडेपाचला स्पंजसाठी, म्हणजे अंग पुसायला, उठवायची गरज नसते, हे मला मान्य आहे. स्पंज साडेपाचला होतो तो पेशंटसाठी नव्हे, 8 वाजता ड्यूटी बदलताना वॉर्ड चकाचक दिसावा म्हणून. यात मीही आले.

आवाजाचंही तेच. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत दवाखान्याभोवतीचा किमान 100 मीटरचा टापू शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. तिथे रात्री मर्यादा 40 डेसिबल. जागतिक आरोग्य संघटनेने वॉर्डाच्या आत रात्री 30 सांगितले आहेत. आमच्या ट्रॉलीचं एक चाक आणि फरशीवर पडणारं स्टीलचं बेडपॅन यांनी ते रोज मोडतात. शेजारच्या कॉटवरच्या नातेवाइकाचे रील वेगळे. येल विद्यापीठाच्या दवाखान्यात 70 वर्षांपुढच्या 852 पेशंटवर (हाडांचे नव्हेत, मेडिसिनचे) एक प्रयोग झाला, 1999 साली छापून आला. रात्री गोळीऐवजी कोमट दूध, पाठीला मालिश, हळू संगीत, आवाज कमी. दिवसा चालणं, बोलणं. भ्रमाचं प्रमाण 15 वरून 9.9 टक्क्यांवर आलं. पाठ चोळणं तर नातेवाइकांनाही जमतं.

‘जितकी झोप तितकं हाड’ यात कणभर तथ्य आहे: वाढीचं संप्रेरक गाढ झोपेत जास्त सुटतं. म्हणून 12 तास लोळलं की हाड निम्म्या दिवसांत जुळेल असं नाही. दुपारी तीन तास झोपलेला माणूस रात्री 3 ला मला ‘किती वाजले’ विचारतो. शिवाय पडून राहिलं की पायात गुठळी, छातीत कफ, पाठीला जखमा. फिजिओ आला की उठवा, खिडकीचा पडदा उघडा, जेवण बसून द्या.

राहिली उशी. गुडघा बदललेल्या पायाखाली ती दिली की बरं वाटतं, हे खरं, कारण वाकलेल्या गुडघ्यात ताण कमी पडतो. पण रात्रभर असा वाकलेला राहिला तर सांधा तसाच आखडतो आणि पाय पुरता सरळ होत नाही. उशी घोट्याखाली द्यायची, गुडघ्यामागची जागा मोकळी. रात्री 12 ला मी ती काढून खाली सरकवते, 2 ला बघावं तर परत गुडघ्याखाली. ठेवणारी सून असते, मायेने ठेवते. तीन आठवड्यांनी फिजिओ तोच गुडघा दाबून सरळ करायला लागतो, आणि त्या दुखण्याने सासूबाईंबरोबर सुनेचीही झोप जाते.