नुसता ब्लर मारून भागत नाही

“सब्जेक्ट सिलेक्ट करा, सिलेक्शन उलटं करा, गॉशियन ब्लर मारा. दोन मिनिटांत महागड्या लेन्सचा फोटो तयार!” महागड्या लेन्ससारखी फोटोतली मागची बाजू धूसर करायची फोटोशॉपमधली युक्ती म्हणून नागपुरातल्या आम्हा फोटोवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर हा मेसेज सारखा फिरतोय. स्टुडिओत शिकायला येणारी पोरं तसंच करून आणतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

“सिलेक्ट करा, ब्लर मारा.” गॉशियन ब्लर प्रत्येक पिक्सेलचा रंग शेजारच्यांत कालवतो. फुटाळा तलावावर संध्याकाळी काढलेला एका नवरीचा फोटो परवा एकाने असाच केला. सिलेक्शन अगदी नेटकं होतं, तरी लाल शालूचा रंग मागच्या पाण्यात उतरला आणि खांद्याभोवती लालसर धूर दिसायला लागला. यावर उपाय आहे. लेयरची, म्हणजे फोटोच्या थराची, कॉपी काढा. खालच्या लेयरवर सिलेक्शन थोडं फुगवून कंटेंट-अवेअर फिलने (आजूबाजूचं पाहून जागा भरणारं टूल) नवरी पुसून टाका, मग तो लेयर ब्लर करा. वरच्या लेयरवर मास्क केलेली, म्हणजे बाकीचं झाकून ठेवलेली, नवरी तशीच राहू द्या. दहा मिनिटं जातील, पण धूर जाईल.

“मागचं सगळं सारखं ब्लर करा.” लेन्स असं कधीच करत नाही. ब्लर अंतराप्रमाणे वाढत जातो. पायाजवळची फरशी स्पष्ट हवी, तिथून मागे हळूहळू विरघळत जायला हवी. नाहीतर माणूस कापून चिकटवल्यासारखा वाटतो. फोटोशॉपच्या लेन्स ब्लरला अल्फा चॅनेलमधला (फाइलमध्ये जपलेलं काळं-पांढरं चित्र) काळा-पांढरा ग्रेडियंट डेप्थ मॅप, म्हणजे कुठला भाग किती लांब ते सांगणारा नकाशा, म्हणून देता येतो, तो द्या.

“कुठलाही ब्लर चालतो.” तलावाकाठचे दिवे गॉशियनमध्ये फिके डाग होतात, खऱ्या लेन्समध्ये त्यांच्या लख्ख टिकल्या होतात. लेन्स ब्लरमध्ये हायलाइटचे, म्हणजे उजळ ठिपक्यांचे, स्लायडर याचसाठी दिलेत. त्याच खिडकीत थोडा नॉइज (फोटोतले बारीक दाणे) वाढवा, कारण ब्लरने मागचे दाणे पुसले जातात आणि पुढचे तसेच राहतात.

“लेन्सची गरज संपली.” वाऱ्यावर उडणारी एकेक बट मास्क करून पाहा, मग बोला. एफ १.८ ची, म्हणजे मोठ्या छिद्राची, ५० एमएम लेन्स फार महाग नसते. तीही नसेल तर कॅमेऱ्यासोबत येणारी किट लेन्स ५५ एमएमवर न्या, माणसाच्या जवळ जा आणि मागची भिंत लांब राहील असं उभं करा. अर्धं काम तिथेच होतं.

आणि ज्या समजुतीचा मला खरंच राग येतो ती ही, की ब्लर असला म्हणजेच फोटो चांगला. १९५६ साली बाबासाहेबांनी जिथे धम्मदीक्षा घेतली त्या दीक्षाभूमीवर लोक लांबून येतात, स्तूपासमोर कुटुंबाचा फोटो काढून घेतात. अशाच एका आजींच्या फोटोत आमच्या पोराने मागचा घुमट पार पांढरा ढग करून टाकला होता. आजींनी प्रिंट हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली आणि विचारलं, “बाबू, स्तूप कुठं गेला?” मी मूळ फाइल उघडली आणि ब्लर न मारता पुन्हा छापून दिली.